चौदा वळणांची अंगठी

मागच्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस आम्ही डब्लिनमध्ये विवाह निबंधकाकडे आमची सूचना नोंदवली. आयर्लंडमध्ये लग्नाच्या किमान तीन महिने आधी ही सूचना द्यावी लागते आणि ती दिली की पुढच्या तीन महिन्यांत माणसे हॉल, जेवण आणि अंगठ्या ठरवतात. हॉल आणि जेवण आम्ही एका आठवड्यात उरकले. अंगठ्यांना मात्र उरलेला सगळा वेळ लागला आणि लग्नाच्या चार दिवस आधी त्या आमच्या हातात पडल्या.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे गाव मीथ परगण्यात, केल्सपासून सायकलने जाता येईल इतके जवळ आहे. केल्सच्या जुन्या हस्तलिखित ग्रंथातली नक्षी असलेले पेले, रुमाल आणि पायपुसणी पाहतच तो लहानाचा मोठा झाला, त्यामुळे अंगठीवर केल्टिक गाठ, म्हणजे एकमेकींच्या वर-खाली जाणाऱ्या रेषांची गुंफण, असावी ही त्याची इच्छा मला अगदी स्वाभाविक वाटली. मी सांगलीची. आमच्याकडे नवराबायकोच्या नात्याला लग्नगाठच म्हणतात आणि लग्नविधीत शालू आणि उपरण्याची गाठ खरोखरच मारतात, तेव्हा गाठीला माझा विरोध असण्याचे काही कारण नव्हते.

पहिल्यांदा आम्ही शहराच्या मध्यभागी असलेल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे काचेखाली मांडलेल्या प्रत्येक अंगठीजवळ अर्थ सांगणारे एक छोटे कार्ड होते. तीन टोकांची गाठ म्हणजे पवित्र त्रयी, चौकोनी गाठ म्हणजे संकटापासून रक्षण, आणि अंगठीभर फिरणारी वेणी म्हणजे आरंभ व अंत नसलेले प्रेम. प्राचीन केल्टिक जोडपी याच अर्थाने ती एकमेकांना देत असत, असेही एका कार्डावर लिहिलेले होते. मी लेखापरीक्षणाचे काम करते. कागदावर एखादे ठाम विधान दिसले की त्याची मूळ नोंद कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. विक्रेत्या मुलीच्या परवानगीने मी वेणीच्या अंगठीचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि रात्री ते मोठे करून पेन्सिलीने त्या अखंड रेषेचा माग काढू लागले. अंगठीच्या एका जागी रेष थांबली. नक्षीची पट्टी वाकवून तिची दोन टोके जिथे जोडली होती, तिथे पेड एकमेकांना मिळतच नव्हते. आरंभही होता आणि अंतही होता, आणि दोन्ही एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरवर होते.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने वेगळाच मुद्दा काढला. “अगं, पण आरंभ आणि अंत कुठल्या अंगठीला असतो? तुझ्या आजीचं साधं वेढंसुद्धा गोलच होतं की.” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अखंडपणा हाच अर्थ असेल, तर तो कोणत्याही साध्या गोल कड्यात आधीच असतो. मग गाठ त्यात कोणती भर घालते?

पुढच्या शनिवारी आम्ही ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथला केल्सचा ग्रंथ म्हणजे बायबलमधील चार शुभवर्तमानांची लॅटिन हस्तलिखित प्रत. ती सन 800 च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिली गेली; आज तिची 340 पाने शिल्लक आहेत आणि 1953 पासून ती चार खंडांत बांधलेली आहेत. काचेआड एका वेळी मोजकीच पाने दिसतात, त्यामुळे घरी आल्यावर ग्रंथालयाने इंटरनेटवर खुल्या केलेल्या प्रतीत मी उरलेली पाने चाळली. पान 33 ची पुढची बाजू पूर्णपणे नक्षीने भरलेली आहे. तिच्यावर दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस आणि आठ वर्तुळे आहेत आणि त्यांच्या आतबाहेर इतकी बारीक गुंफण आहे, की पडद्यावर कितीही मोठी केली तरी रेष कुठे चुकलेली सापडत नाही. अक्षर मात्र एकही नाही. अमुक गाठ म्हणजे अमुक अर्थ अशी यादी त्या ग्रंथात नाही आणि त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या लेखनातही ती सापडलेली नाही.

‘प्राचीन केल्टिक’ हे शब्दही तपासणीत टिकले नाहीत. ख्रिस्तपूर्व शतकांतील केल्टिक धातुकामात चक्राकार वळणे आणि वेलीसारख्या लवचीक रेषा आहेत, पण वर-खाली जाणारी ही गुंफण नाही. गुंफण रोमन फरशांवर, इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती कलेत आणि जर्मन टोळ्यांच्या दागिन्यांत होती. आयरिश मठांत ती सातव्या शतकात रुजली आणि तिथल्या साधूंनी तिला असे रूप दिले, की पुढे ती त्यांचीच ओळख होऊन बसली. ज्यांनी ही नक्षी सर्वोत्तम काढली ते ब्रह्मचारी होते. चर्मपत्रावर वाकून महिनोन्‌महिने एक पान रंगवताना त्यांच्या मनात लग्नाची अंगठी असण्याची शक्यता अगदी कमी, हे मी होणाऱ्या नवऱ्याला सांगितले तेव्हा तो हसला, पण थोडा हिरमुसलाही.

त्याच शनिवारी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘तारा ब्रोच’ पाहिला. सन 700 च्या सुमाराच्या या शालीला लावायच्या पिनेचे कडे तळहातावर मावते. तिच्यावरचे सोन्याच्या तारेचे काम पाहण्यासाठी काचेला नाक लावावे लागते. ती 1850 मध्ये मीथच्या किनाऱ्यावर बेटीस्टाउनला सापडली आणि नंतर वॉटरहाउस नावाच्या डब्लिनच्या जवाहिऱ्याकडे आली. त्याला तिच्या प्रतिकृती विकायच्या होत्या, म्हणून त्याने तिला आयर्लंडच्या राजांची टेकडी असलेल्या ताराचे नाव दिले. त्या टेकडीशी पिनेचा काही संबंध नव्हता. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ती मांडली गेली, प्रतिकृती हातोहात खपल्या आणि जुनी आयरिश नक्षी दागिन्यांत घालण्याची लाट सुरू झाली. दुकानातल्या कार्डाचे पूर्वज मला इथे भेटले असे वाटले. गाठ जुनी आहे; तिच्या बाजूला ठेवलेले कार्ड एकोणिसाव्या शतकातील दुकानदारीच्या वळणाचे आहे.

तुलनेसाठी होणाऱ्या नवऱ्याच्या आईच्या बोटातली क्लाडा अंगठी होतीच. गॉलवेच्या कोळीवाड्याचे नाव असलेल्या या अंगठीत दोन हात, त्यांनी धरलेले हृदय आणि वर मुकुट असतो. मैत्री, प्रेम आणि निष्ठा हा तिचा अर्थ आज सगळ्यांना ठाऊक असतो आणि डाव्या हातात हृदयाचे टोक मनगटाकडे केले की बाई किंवा पुरुष विवाहित आहे असे समजतात. तिथे हात हातांसारखे दिसतात, अर्थ चित्रातच आहे. गाठीचे तसे नाही. “मग आपण क्लाडाच घेऊ या का?” असे त्याने विचारले. पण एव्हाना त्या गुंफणीने मला पकडले होते. इतके दिवस रेषेमागे रेष काढत गेल्यावर ती सोडून देणे मला जमेना.

दुकानाचा नाद सोडून आम्ही लिबर्टीज भागातील एका गल्लीत काम करणाऱ्या सोनारणीकडे गेलो. साठीच्या आसपासची ही बाई स्वतःच नक्षी काढते, मेण कोरते आणि ओतकामही करते. मी तिला अर्थ विचारला तेव्हा तिने खांदे उडवले आणि माझ्यासमोर ठिपक्यांचा कागद ठेवला. ठिपक्यांमधून तिरप्या रेषा काढायच्या, कडेला पोहोचल्या की त्यांना परत आत वळवायचे. झाली साधी वेणी. मग मधले काही छेद, म्हणजे रेषा एकमेकींना ओलांडतात त्या जागा, काढून तिथे रेषा वळवल्या की गाठी तयार होतात. वेणीत अशी खिंडारे पाडूनच या साऱ्या गाठी बनतात, हे जे. रोमिली ॲलन याने 1904 मध्ये मांडले होते, आणि जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रशिक्षकाने 1951 मधील आपल्या पुस्तकात ती कशी काढायची हे पायरीपायरीने दाखवले; सोनारणीच्या टेबलावरची प्रत शिवण सुटलेली आणि मेणाने डागाळलेली होती. मी ठिपके जोडायला लागले आणि हात आपोआप चालू लागला. श्रावणात दारात ठिपक्यांची रांगोळी काढत मी वाढले आहे. दोन ठिपक्यांमधून रेष कशी न्यायची, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. “तू हे आधी केलं आहेस,” असे ती म्हणाली, आणि मी होय म्हणाले, कारण तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते.

मग तिने जे विचारले, त्याने आमचे दोन आठवडे घेतले. पेड किती? दोन पेडांची दोरी घेतली आणि अंगठीच्या एका कडेला वळणांची संख्या सम ठेवली, तर दोन वेगळ्या रेषा एकमेकींभोवती कायम फिरत राहतात आणि कधीच एक होत नाहीत. संख्या विषम ठेवली, तर दोन दिसणारे पेड प्रत्यक्षात एकच रेष असते. तुम्हाला लग्न यापैकी कोणते हवे, असे ती अगदी व्यापारी सुरात विचारत होती, जणू रुंदी पाच मिलिमीटर की सहा. तो म्हणाला, एकच रेष. मी म्हणाले, दोन. माझे बँकेचे खातेही वेगळे राहणार आहे. आम्ही खरोखरच त्यावर दोन संध्याकाळी वाद घातला. कार्डावरच्या कोणत्याही वाक्याने आम्हाला इतके बोलायला लावले नव्हते.

तोडगा दिसण्यावरून निघाला. दोन पेडांची नक्षी नुसती पिळाच्या दोरीसारखी दिसत होती, आणि आम्हा दोघांनाही तीनपेडी वेणी आवडली. सोनारणीने माझ्या मापाला, म्हणजे आतून साडेबावन्न मिलिमीटर परिघाला, एका कडेला पंधरा वळणे बसवून आराखडा दिला. घरी येऊन मी रंगीत पेन्सिलींनी एक पेड लाल करायला घेतला. अंगठीभोवती एक फेरी झाली आणि लाल रेष सुरुवातीच्या जागी येऊन मिळाली. दोन तृतीयांश नक्षी अजून पांढरीच होती. निळी घेतली, तेच झाले. हिरवी घेतली, तेच. ज्याला आम्ही अखंड रेष समजत होतो, ती तीन स्वतंत्र कडी होती.

कारण साध्या गणितात आहे. पेडांची संख्या आणि वळणांची संख्या यांचा मसावि जितका, तितक्या वेगळ्या रेषा. तीन आणि पंधराचा मसावि तीन येतो. तीनने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेतली, की तिन्ही पेड मिळून एकच रेष होते आणि ती बोटाभोवती तीन फेऱ्या मारून स्वतःला येऊन मिळते. सोनारणीला हे अर्थातच माहीत होते. तीन वेगळी कडी हवीत की एक, हे तिने आम्ही विचारू म्हणून सोडले होते. पंधरा वळणांच्या नक्षीची तिने सांगितलेली आणखी एक खोड मला फार आवडली. तिच्यातली कोणतीही दोन कडी परस्परांत अडकलेली नसतात. तिसरे कडे काढले, की उरलेली दोन मोकळी होतात. केसांच्या वेणीतला एक पेड सोडला की बाकीचे दोन नुसते सुटतात, तसेच. “दोघांच्या लग्नात हा तिसरा पेड कोण?” असे मी विचारले, तर तिने त्याच्याकडे पाहून “तुझी आई?” असे म्हटले. त्यानंतर पंधरा वळणे ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. माझ्या अंगठीला चौदा आणि त्याच्या, सुमारे एकसष्ट मिलिमीटरच्या, अंगठीला सोळा वळणे ठरली. अंगठीची जाडी धरून बाहेरचा परीघ मोजला, तर दोन्ही अंगठ्यांतील वळणे जवळजवळ सारख्या लांबीची येतात, त्यामुळे बोटांत फरक असला तरी नक्षी एकच वाटते.

सोन्याचा कस हा आईचा विषय होता. “अठरा कॅरेट म्हणजे सोनं का?” हा तिचा प्रश्न सांगलीच्या सराफ कट्ट्यावर वाढलेल्या कोणत्याही बाईचा असता. पण या नक्षीत पेडांच्या उंच कडा सतत घासल्या जातात आणि बावीस कॅरेटचे सोने त्यासाठी मऊ पडते. काही वर्षांत वरचे आणि खालचे पेड एकाच पातळीवर येऊन नक्षी नुसती चरे पडल्यासारखी दिसू लागते. वर कोण आणि खाली कोण हेच दिसेनासे झाले, तर वेणीत उरते काय? आम्ही अठरा कॅरेट पिवळे सोने घेतले. माझी अंगठी सात ग्रॅमच्या आसपास भरली.

मेणाचा नमुना कोरून झाल्यावर सोनारणीने तो आणि एक बोथट सुई माझ्या हातात दिली आणि रेष तपासायला सांगितली. माझ्या अंगठीत अठ्ठावीस छेद आहेत. प्रत्येक छेदाला पेड आधी वरून, मग खालून गेला पाहिजे. मी भिंगाखाली सुई फिरवत मोजत गेले आणि छेद छप्पन्न वेळा ओलांडल्यावर, म्हणजे तिसरी फेरी संपताना, सुई जिथून निघाली होती त्याच खाचेत येऊन टेकली. प्रत्येक छेदावरून मी दोनदा गेले होते, एकदा वरून आणि एकदा खालून. केल्सच्या पानासमोर जे वाटले नव्हते ते मला त्या मेणाच्या तुकड्यासमोर वाटले. माग काढणाऱ्याला लक्ष हलवू न देणे, बहुधा हेच त्या साधूंचे काम होते.

मेणाला दांडी जोडून ते प्लास्टरमध्ये पुरतात, भट्टीत रात्रभर तापवून मेण जाळून टाकतात आणि त्या पोकळीत नऊशे अंशांच्या आसपास वितळलेले सोने ओततात. त्याची अंगठी पहिल्याच खेपेला नीट आली. माझ्या अंगठीत मात्र एका छेदाच्या अगदी कोपऱ्यात हवेचे भोक राहिले. डाग देऊन ते बुजवता आले असते, पण सोनारणीने तसे केले नाही. नमुन्यावरून आधीच घेऊन ठेवलेल्या साच्यातून नवे मेण काढून पुन्हा ओतले. त्यात बारा दिवस गेले आणि माझी झोपही गेली, पण तिच्या जागी मीही तेच केले असते.

शेवटी अंगठ्या कस तपासणीला गेल्या. डब्लिनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली आणि आजही आयर्लंडमध्ये सोन्यावर छाप तीच मारते. आमच्या अंगठ्यांच्या आत सोनारणीचे आद्याक्षर, हजारात किती भाग सोने आहे हे सांगणारा 750 हा आकडा, अठरा कॅरेटची जुनी खूण असलेले एकशिंगी घोड्याचे डोके आणि बसलेली हिबर्निया, म्हणजे आयर्लंडचे स्त्रीरूप, आहे. हे सगळे लेसरने कोरले आहे, कारण ठोकून छाप मारली असती तर बाहेरची नक्षी चेपली असती. लेखापरीक्षक म्हणून मला या आतल्या बाजूचे समाधान अधिक वाटते. इथे प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून ठेवलेला आहे आणि तो कोणीही ताडून पाहू शकतो.

मे महिन्यात नोंदणी विवाह झाला आणि डिसेंबरात आम्ही सांगलीला विधिपूर्वक लग्न केले. कन्यादानाच्या आधी बाबांनी अनामिकेत दर्भाचे पवित्रक घातले, तेव्हा माझी नजर त्याच्या गाठीवर गेली. गाठीची अंगठी आमच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या होती आणि मी तिच्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. फरक एवढाच, की कर्म संपले की पवित्रकाची गाठ सोडून ते टाकून द्यायचे असते. नवऱ्याला हे सांगितले तेव्हा त्याने ते उचलून ठेवण्याचा हट्ट धरला. गुरुजींनी स्पष्ट नाही म्हटले.

पाहुणे पांगल्यावर आईने माझी अंगठी मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि टाचणी घेऊन पेडामागे निघाली. मी काही बोलले नाही. पहिली फेरी झाल्यावर तिने मान हलवली, दुसरीला ओठ हलवून मोजू लागली. तिसरीच्या शेवटी थांबली. “तीन प्रदक्षिणा झाल्या,” ती म्हणाली, आणि अंगठी परत न देता पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

बाकी सांगण्यासारखे एवढेच, की अशी अंगठी पुढे सैल किंवा घट्ट करता येत नाही, कारण तुकडा कापला किंवा घातला की वळणांची संख्या बदलते आणि रेष तुटते. त्यामुळे माप घेताना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, थंडीत आणि उन्हात, दोनतीनदा घ्यावे. कणीक मळताना ती काढून ठेवावी. मी बहुतेक वेळा विसरते, आणि मग खाचांत वाळलेले पीठ कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून लहान मुलाच्या दात घासायच्या ब्रशने काढत बसावे लागते.